घड्याळाच्या पोटात काय आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या रेसिंग मोटरसायकलींच्या स्मरणार्थ निघणाऱ्या महागड्या मनगटी घड्याळांवरचा आपला लेख वाचला. तबकडीचा रंग, पट्ट्याची भोकं, पेटीचं लाकूड सगळं आलं. आत यंत्र कोणतं, ते मात्र राहिलं. पैसे तर त्याचेच मोजायचे असतात.

या घड्याळांची तबकडी पुष्कळदा जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या स्मिथ्स क्रोनोमेट्रिक आरपीएम मीटरची, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणाऱ्या मीटरची, आठवण करून देते. गंमत अशी की त्या मीटरच्या पोटात खरोखरच घड्याळाचं यंत्र होतं. इंजिनाकडून केबल फिरायची, आतलं बॅलन्स व्हील (घड्याळात मागे-पुढे झुलणारं चाक) ठरावीक वेळ मोजायचं, तेवढ्या वेळात जितके फेरे भरले तिथे काटा जाऊन बसायचा आणि पुढची मोजणी होईपर्यंत हलायचा नाही. म्हणून तो सरकत नसे, टकटक उड्या मारत जाई. इतका सरळ दुवा हाताशी असताना नुसता आकड्यांचा ठसा उचलायचा, हे नवलच.

दुसरा दुवा कॅमचा, म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला ढकलणाऱ्या वेड्यावाकड्या चकतीचा. डुकाटीच्या 1956 च्या 125 सीसी रेसरमध्ये अभियंते फाबिओ ताल्योनी यांनी व्हॉल्व्ह मिटवायचं काम स्प्रिंगवर न सोडता कॅमकडेच दिलं. क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळातही, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा कॅम असतो. शून्याचं बटण दाबलं की हातोडी त्यावर आपटते आणि काटा असेल तिथून शून्यावर येतो. पण काटा दांडीवर नुसता दाबून बसवलेला असतो. धक्क्याने तो जरासा फिरला, की शून्याच्या अलीकडे-पलीकडे थांबू लागतो. विकत घेताना दहा वेळा चालू-बंद करून हे पाहावं. त्यात संकोच कसला?

‘इंजिनाची अचूकता’ हे जाहिरातीपुरतं ठीक. होंडाची सहा सिलिंडरची 250 सीसी आरसी166 मिनिटाला 18,000 फेऱ्यांपर्यंत जायची, म्हणजे सेकंदाला 300. तासाला 28,800 ठोके देणाऱ्या घड्याळाचा एक ठोका पडेपर्यंत त्या इंजिनाचे साडेसदतीस फेरे उरकलेले असत.

तबकडीच्या कडेला वेग वाचायची टॅकिमीटर पट्टी असते; तिच्यावर किलोमीटरला 30 सेकंद लागले तर ताशी 120 किलोमीटरचा वेग वाचता येतो. मिनिटापेक्षा जास्त लागलं, की पट्टी संपली. आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल शर्यतीची एक फेरी 60 किलोमीटरहून थोडी जास्त. 1957 मध्ये बॉब मॅकिंटायर यांनी गिलेरा मोटरसायकलवर तिथे प्रथमच ताशी 100 मैलांची सरासरी ओलांडली, ती फेरी 22 मिनिटांहून थोडी जास्त चालली. तिथे उपयोग त्या छोट्या 30 मिनिटांच्या तबकडीचा. ती आहे का, एवढं पाहा.

वापराचंही लिहायला हवं होतं. ऑटोमॅटिक क्रोनोग्राफमध्ये नेहमी दिसणारं 7750 हे यंत्रच 7.9 मिलिमीटर जाड. केस आणि काच धरून घड्याळ सहज 13-14 मिलिमीटरवर जातं आणि हातमोज्याच्या काठाने बटण आपोआप दाबलं जातं. पेट्रोलच्या टाकीवर ठेवायच्या पुष्कळ टँक बॅगांच्या तळाशी लोहचुंबक असतात. घड्याळ त्यावर विसावलं तर बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडल्यासारखी होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. अशा वेळी ते लगेच उघडायला देऊ नका, आधी चुंबकत्व काढून घ्या. काही सेकंदांचं काम आहे.

‘मर्यादित आवृत्ती’ म्हणजे एकूण किती नग, की दरवर्षी तितके? हे लेखी विचारावं. मूळ इंजिनाचा धातू बसवल्याचा दावा असेल, तर कोणत्या क्रमांकाच्या इंजिनाचा आणि कोणत्या भागाचा, हे प्रमाणपत्रावर हवं. तो मॅग्नेशियमच्या क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या कवचाचा) असेल, तर काचेखाली बंद आहे ना ते बघा. उघडा असेल तर घामाने आधी काळवंडतो, मग त्याला खड्डे पडतात.

आपला,
एक वाचक