आठ मुद्दाम गाळलेला असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर कोपऱ्यात एक गंमत होती : १२३४५६७८९ ला ९ ने गुणा, सगळे एक्के मिळतील. सहावीतला माझा नातू दुकानात बसला होता. त्याने गल्ल्याजवळचा कॅल्क्युलेटर ओढला आणि म्हणाला, "आजो, पेपरांत चूक आसा." उत्तर आले होते ११११११११०१. एक्क्यांच्या रांगेत एक पूज्य घुसलेले.

मूळ संख्या आहे १२३४५६७९. एक कोटी तेवीस लाख पंचेचाळीस हजार सहाशे एकोणऐंशी. तीत आठ नाहीच. मुद्रिते तपासणाऱ्या कुणा सज्जनाला वाटले असेल, सातानंतर आठ राहून गेला, घालू या. त्यांना दोष देत नाही, मीही घातला असता.

पण आठ जातो कुठे? नातवाला बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर १ ला ८१ ने भागायला लावले. दशांश चिन्हापुढे एक पूज्य, मग १०० मध्ये ८१ एकदा, बाकी १९. १९० मध्ये दोनदा, बाकी २८. पुढे ३७, ४६, ५५, ६४, ७३. बाकी दर खेपेला नवाने चढते आणि वर भागाकारात १, २, ३ करत ७ येतो. आता ७३०. आठदा घातले तर बाकी उरते ८२. इथे पोराची पेन्सिल थांबली. भागायचे ८१ ने आणि बाकी ८२? "आनीक एक फावट वता!" म्हणजे आठाच्या जागी नऊ, बाकी १, आणि पुन्हा पहिल्यापासून. ०१२३४५६७९ हेच नऊ अंक मग कायम फिरत राहतात.

उकड्या तांदळासाठी ताटकळलेल्या एका बाईंनी विचारले, दोनाने गुणले तर? २४६९१३५८. सात गायब. चाराने ४९३८२७१६, पाच नाही. पाचाने ६१७२८३९५, चार नाही. गुणलेला आणि हरवलेला मिळून नऊ. सात आणि आठ मुलांनी करून बघावेत. तिनाने मात्र ही गंमत मोडते : ३७०३७०३७. कारण मूळ संख्या म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, आणि ३३३६६७ ची तिप्पट १००१००१. तांदूळ मोजायचे राहिलेच होते, ते नंतर मोजले.

तेव्हा येत्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. जागा उरली तर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या डेम्लो संख्यांवरही दोन ओळी द्याव्यात. नऊ एक्क्यांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो, तो त्यांतलाच. आमच्या १२३४५६७९ चा वर्ग घेऊन त्याला ८१ ने गुणले तरी हीच संख्या मिळते. फक्त हिच्यात आठ आहे, तोही दोनदा. माझ्या पत्रामुळे तिथले आठ कुणी काढून टाकू नयेत.

आपला,
एक किराणा दुकानदार, फोंडा