ठिपका फाटलेला दिसला, तर आधी डोळा तपासावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत रायफलवर बसवायच्या दुर्बिणी आणि रेड डॉट साइट (नेम धरण्यासाठी काचेत लाल ठिपका दाखवणारे साधन) यांची तुलना करणारा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिलेला आहे. वजन, बॅटरी, पाणी-धुळीपासूनचा बचाव या सगळ्यांचा त्यात विचार आहे. मात्र ज्या डोळ्याने साइटमधून पाहायचे, त्या डोळ्याचा उल्लेख कुठेच नाही. एका रेड डॉटविषयी ‘ठिपका स्वच्छ नाही, कडा फाटलेल्या दिसतात’ असा शेरा लेखकाने मारला आहे. तो वाचून मला माझीच फजिती आठवली, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी मी हौसेने रेड डॉट घेतला. खोक्यावरच्या चित्रात काचेच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा गोल लाल ठिपका होता. मला मात्र तिथे डावीकडे खाली शेपटी ओढलेला स्वल्पविराम दिसे, आणि उजळपणा वाढवला की त्या शेपटीला द्राक्षाच्या घोसासारखे आणखी दोनचार ठिपके फुटत. माल सदोष आहे असे ठरवून मी तो बदलून घेतला, तर दुसऱ्या नगातही तोच स्वल्पविराम. तिसऱ्यांदा दुकानदाराशी वाद घालायला निघालो, तेव्हा सरावाला येणाऱ्या एका ज्येष्ठ नेमबाजांनी ती साइट माझ्याकडून घेतली, मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढला आणि मला दाखवला. फोटोतला ठिपका खोक्यावरच्यासारखाच गोल होता. मग त्यांनी मला रायफलवरून काढलेली ती साइट डोळ्यासमोर हळूहळू गोल फिरवायला लावली. शेपटी होती तिथेच राहिली. डोके खांद्याकडे कलते केले, तेव्हा मात्र शेपटीही बरोबर कलली. खोट कोणाची, हे मला त्याच क्षणी कळले, आणि दुकानदाराची मनोमन माफी मागितली.

नेत्रतपासणीत उजव्या डोळ्याला सव्वाचा सिलिंड्रिकल नंबर निघाला, म्हणजेच ॲस्टिग्मॅटिझम. निकोप डोळ्यातही तो थोडाफार असतोच. बुबुळावरचा पारदर्शक पडदा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नसतो, एका दिशेने अधिक वळलेला असतो; त्यामुळे एका बिंदूतून आलेले किरण डोळ्यात पुन्हा एका बिंदूत मिळत नाहीत. शास्त्राच्या पुस्तकांतला ‘अबिंदुकता’ हा शब्द इथे किती चपखल आहे, हे रेड डॉट पाहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. केंब्रिजचे गणिती जॉर्ज एअरी यांनाही डाव्या डोळ्याने प्रकाशाचा बिंदू लांबट रेघेसारखा दिसे, आणि 1825 मध्ये त्यांनी स्वतःच्या डोळ्यासाठी सिलिंड्रिकल भिंग बनवून घेतले. माझी तक्रार नेमकी तीच होती. फरक एवढाच की त्यांनी डोळा मोजला आणि मी पावती काढून दाखवली.

रेड डॉटमध्ये एक बारीकसा दिवा असतो आणि त्याचा प्रकाश वक्र, लेप दिलेल्या काचेवरून परत फिरून समांतर किरणांच्या रूपाने डोळ्याकडे येतो. दूरची चांदणी पाहावी तसाच हा प्रकार असल्याने डोळ्यातला दोष इथे जसाच्या तसा उघडा पडतो. 2 मिनिटांचा (मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) ठिपका 100 मीटरवर जेमतेम 6 सेंटिमीटर जागा झाकतो. तोच पसरून तिप्पट झाला, तर 17-18 सेंटिमीटरचा डाग होतो, आणि त्या डागाचा मध्य कुठे धरायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे. संध्याकाळी बाहुली मोठी होते तसा डागही वाढतो, त्यामुळे सकाळी बसवलेला नेम सांजवेळी परका वाटू लागतो. उजळपणा शक्य तितका उतरवला, तर पुष्कळ सुधारणा होते, आणि ती फुकट आहे.

माझ्यासारख्यांना प्रिझम साइट अधिक मानवते, असे माझे मत आहे. तिच्यातली खूण काचेवर कोरलेली असते, म्हणजे दिवा बंद असतानाही ती काळ्या रेघांनी दिसते आणि त्या रेघांना झळाळी नसल्याने त्या फुटत नाहीत. तिचा तोटा असा की डोळा काचेपासून ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. लेझरच्या होलोग्राफिक साइट काहींना रेड डॉटपेक्षा बऱ्या दिसतात. पण तिथेही डोळ्यासमोर प्रकाशाचीच आकृती असते, त्यामुळे स्वतः पाहिल्याशिवाय त्यांवर भिस्त ठेवू नये.

मोठ्या दुर्बिणीचा एक गुण मात्र फारसा कोणी सांगत नाही. पुढच्या भिंगाचा व्यास वर्धनाने भागला की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. 40 मिलिमीटरच्या भिंगाला 10 पट वर्धनावर ती 4 मिलिमीटर भरते आणि 20 पटीवर 2. झोत बाहुलीपेक्षा अरुंद झाला की बुबुळावरच्या पडद्याचा मधला थोडासाच भाग वापरला जातो आणि दोष झाकला जातो. डायॉप्टर साइटच्या बारीक भोकातून पाहणाऱ्या नेमबाजांना मिळणारा फायदा याच जातीचा आहे. 1 पटीपासून सुरू होणाऱ्या दुर्बिणी कमी वर्धनावर हा फायदा देत नाहीत, आणि त्यांतला दिवा लावला की पुन्हा रेड डॉटचीच गत होते.

दुर्बिणीच्या विक्रेत्यांचे एक वाक्य मी अनेकदा ऐकले आहे: “मागची रिंग फिरवा, नंबर आपोआप जुळेल.” ती रिंग जवळचा-लांबचा नंबर जुळवते, सिलिंड्रिकल नंबराला दिशा असते आणि रिंगेला ती कळत नाही. या दिशेचे महत्त्व असे की सिलिंड्रिकल भिंग योग्य कोनापासून 30 अंश सरकले, तर दोष होता तेवढाच शिल्लक राहतो, फक्त त्याचा कोन बदलतो. म्हणून टोरिक, म्हणजे सिलिंड्रिकल नंबराची, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने ती डोळ्यात फिरत नाही ना, हे पाहावे. चष्मेवाल्यांची अडचण वेगळी आहे: गाल दस्त्याला टेकवला की नजर काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी जाते आणि तिरक्या काचेचा स्वतःचा दोष त्यात मिसळतो. नेमबाजीच्या चष्म्यात भिंग नजरेसमोर काटकोनात बसवता येते, ते यासाठीच. मला योग्य भिंग मिळाल्यावर तोच जुना रेड डॉट जवळजवळ गोल दिसू लागला, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

आपल्या परीक्षणकर्त्यांना माझी एवढीच विनंती आहे की साइटच्या वजनाशेजारी त्यांनी स्वतःच्या नेम धरण्याच्या डोळ्याचा नंबर छापावा, पाहताना चष्मा होता की नव्हता हे सांगावे, आणि ठिपक्याला नावे ठेवण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढून पाहावा. ज्या साइटवर शेरा मारला आहे, तिचा तसा फोटो पुढच्या अंकात आला, तर वाचकांना निवाडा करणे सोपे जाईल.

आपला,
एक नेमबाज वाचक