उद्यमनगरातल्या मामांना, दोन पितळी तुकड्यांबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

दिवाळीत पेढे घेऊन वर्कशॉपवर आलो तेव्हा तुमच्या मशिनवर जॉब बांधलेला होता. डोकं वर न काढता तुम्ही "ठेव की तिथं" म्हणालात, आणि बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण घरात जुना रेकॉर्ड प्लेअर धूळ खात पडलेली पुष्कळ माणसं आहेत. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका माणसाने काय करून दाखवलं, ते त्यांना कळायला हवं.

माझा प्लेअर म्हणजे लेंको एल-७५, स्वित्झर्लंडमधल्या बर्गडॉर्फ गावात बनलेला. वडिलांनी तो सेकंडहँड घेतला होता. रेकॉर्ड फिरवणारी तबकडी चार किलोच्या आसपास वजनाची, आणि दांडी सरकवली की मिनिटाला ३३ पासून ७८ फेऱ्यांपर्यंत हवी ती गती. त्यामुळे घरातल्या जुन्या ७८ च्या रेकॉर्डही त्याच्यावर वाजतात. मोटर आजही ठणठणीत आहे. दुखणं होतं ते टोनआर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या लांब हाताचं.

रेकॉर्डची बाजू संपत आली की आवाज फाटायचा. इंग्रजी गाण्यांच्या रेकॉर्डला हे एक वेळ चालून जातं, तिथे शेवटी एखादं छोटं गाणं असतं. आपल्या ख्यालाचं तसं नाही. मल्लिकार्जुन मन्सूरांची एल.पी. लावली की वीस-बावीस मिनिटांत राग उलगडत जातो, आणि द्रुत, ताना, सगळी चढाई येते ती नेमकी आतल्या खाचांमध्ये. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढीच तान निम्म्याहून कमी जागेत कोरलेली. तिथे आर्म जरा अडखळला, सुई जरा तिरकी बसली, की तानेचा चिखल होतो. वडील शेवटची पाच मिनिटं आली की आवाज बारीक करायचे. मी लहानपणापासून ती पाच मिनिटं तशीच ऐकली.

एका दुकानात दाखवलं तर आर्म काढून टाका, नवा बसवा म्हणाले. नव्याची किंमत ऐकून परत आलो.

तुमच्याकडे आर्म उघडला तेव्हा दोष लगेच दिसला. लेंकोचा आर्म वर-खाली होतो तो सुरीसारख्या दोन धारांवर, आणि त्या धारा टेकतात व्ही आकाराच्या दोन छोट्या ठोकळ्यांत. मूळचे ठोकळे मऊ, रबरासारखे. इतक्या वर्षांत ते कडक होऊन त्यांचा भुगा झाला होता. तुम्ही भिंग लावून धार पाहिलीत, चिमटीतला भुगा पाहिलात आणि म्हणालात, "हे तर सोनाराच्या काट्याचं काम हाय."

त्या एका वाक्यात मला सगळं समजलं. तराजूचा काटा धारेवर झुलतो तसाच हा आर्म. ठोकळ्यातल्या खाचेचा कोन धारेपेक्षा मोठा हवा, म्हणजे धार फक्त तळाच्या रेघेवर टेकेल आणि बाजूंना घासणार नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि रेकॉर्ड प्लेअर तर तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला होता.

मी नायलॉन सुचवलं होतं. लेंकोच्या ठोकळ्यांना पितळ बरं की प्लॅस्टिक, यावर शौकीन मंडळींचं एकमत नाही. तुम्ही पितळ घेतलंत. शेपर मशिनचं कापायचं टूल ग्राइंडरवर हाताने घासून त्याला कोन दिलात, खाच घेतलीत, आणि मग बांबूची काडी टोकदार करून, तिला पॉलिश लावून खाचेचा तळ घासत बसलात. नखाएवढा तुकडा, आणि त्याच्यावर पाऊण तास. मध्येच दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना "थांबा जरा" म्हणालात. आर्मला मागून तोलणाऱ्या वजनाचा दांडा रबर बसल्यामुळे खाली झुकला होता, तोही न सांगता सरळ केलात.

बसवल्यावर आर्म समतोल केला आणि तुम्ही बिलाच्या कागदाचा एक कपटा फाडून सुईच्या बाजूला ठेवलात. आर्म हळूच खाली गेला. कपटा उचलला, तो वर आला. पूर्वी बोटाने ढकलला तरी ढकलू तिथे राहायचा.

कोनाच्या कागदाचंही सांगतो. सुई सरळ बसवायला जो नकाशा छापून घेतात, त्यावर १०० मिलिमीटरची रेघ असते. झेरॉक्सवाल्याने पानात बसवायला तो आक्रसून दिला होता. मला पत्ता नव्हता. तुम्ही सवयीने स्टीलची पट्टी लावलीत आणि म्हणालात, "ही ९७ भरती." महिनाभर मी त्याच चुकीच्या कागदावर सुई लावत होतो! नवीन कागद छापला तो स्टीव्हन्सनच्या १९६६ च्या पद्धतीचा. आर्म कमानीत फिरतो, म्हणून सुई खाचेला बरोबर सरळ येते ती दोनच ठिकाणी. या पद्धतीत ती येते केंद्रापासून ६०.३ आणि ११७.४ मिलिमीटरवर, म्हणजे एक बिंदू अगदी बाजूच्या शेवटाशी. बरेच लोक बेअरवाल्डची पद्धत वापरतात, तिचा आतला बिंदू ६६ वर आहे. पूर्ण बाजूची सरासरी पाहिली तर तीच बरी. पण ख्याल ऐकणाऱ्याने स्टीव्हन्सनच घ्यावा असं माझं ठाम मत झालंय.

गुजरीच्या सराफ बाजारातून आणलेल्या छोट्या काट्यावर सुईचा भार मोजला. पूर्वी तीनदा मोजला तर तीन आकडे यायचे: १.५, २.१, १.७. आता तिन्ही वेळा १.८ ग्रॅम.

त्या रात्री मन्सूर लावले. जुन्या रेकॉर्डची खरखर आहे तशीच आहे, ती जाणार नाही. पण शेवटाकडे तान आली तेव्हा तिचा एकेक स्वर सुटा ऐकू आला. मागे तानपुरा होता, तो इतकी वर्षं तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. तबल्याची चाटी वेगळी, आणि सम गाठण्याआधी त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा. आवाज बारीक करायला माझा हात सवयीने बटणापर्यंत गेला होता. तो तिथेच राहिला, आणि मला वडील आठवले.

मामा, तुम्ही दीडशे रुपये घेतलेत. मी जास्त देऊ लागलो तर रागावलात. तुमचे मनापासून आभार मानतो, आणि वडिलांच्या वतीनेही मानतो.

एक विचारायचं आहे. तुम्ही ठोकळे चार केले होते. जास्तीचे दोन कशाला, असं विचारलं तर म्हणालात, "एक बिघडला तर परत सेटिंग कोण लावणार?" ते दोन कापसात गुंडाळून डबीत ठेवलेत. मिरजेला एका ओळखीच्या माणसाकडे हाच लेंको आहे, तोही ठोकळ्यांपायी बंद पडलेला. तुमची हरकत नसेल तर येत्या शनिवारी ते त्यांना नेऊन बसवून देतो. तुमच्या मुलाकडून हो-नाही कळवा.

तुमचा,
लेंकोवाला