गोळीने तोंड गार वाटते, अंग नाही

मा. संपादक,
स.न.

आपल्या उन्हाळी पुरवणीत 'पेपरमिंटची गोळी चघळल्याने अंगातील उष्णता कमी होते' असे छापून आले आहे. अकोल्यात माझे औषधांचे दुकान आहे. एप्रिल लागला की शेतमजूर, बांधकामावरच्या बाया भर दुपारी येऊन थंड गोळी मागतात. ती जिभेवर ठेवली की तहान भागल्यासारखी वाटते आणि पिशवीतली पाण्याची बाटली तशीच राहते. म्हणून हे पत्र.

गोळीतल्या मेंथॉलने, म्हणजे पुदिन्याच्या तेलातल्या गार वाटणाऱ्या पदार्थाने, तोंडाचे तापमान उतरत नाही. तोंडातल्या संवेदी मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम८ नावाचे प्रथिन असते. साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली गारवा लागला की त्याचे दार उघडते, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत शिरतात व मेंदूला 'थंड' असा निरोप जातो. मेंथॉल याच प्रथिनाला चिकटून गारवा नसतानाही दार उघडते. ठेच्याने तोंड पोळते तेव्हाही जीभ भाजलेली नसते, तसेच हे. गोळीनंतरचा पाण्याचा घोट बर्फासारखा लागतो, कारण मेंथॉलमुळे हे प्रथिन जरा कोमट पाण्यालाही दाद देते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांनी मेंथॉलच्याच मदतीने २००२ मध्ये हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले. स्पर्श आणि तापमानाच्या संवेदनांवरील कामासाठी दोघांना २०२१ चे नोबेल मिळाले.

अंग खरे गार होते ते घाम वाळल्याने, आणि घामाला पाणी लागते. मेंथॉल त्वचेवर चोळल्यास तिथल्या रक्तवाहिन्या आकसून शरीर उलट उष्णता धरून ठेवते, असेही काही प्रयोगांत दिसले आहे. म्हणूनच 'थंड' पावडर फासून उन्हात निघालेला माणूस पाहिला की मला काळजी वाटते.

पुदिन्याशी माझे वैर नाही. ताकात, पन्ह्यात तो जरूर घाला, पण तिथे काम करतात ते पाणी आणि मीठ. उन्हात राबणारा माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, तर गोळी देत बसू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा.

आपल्या पुरवणीचे कात्रण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात गोळ्यांच्या बरणीवर चिकटवलेले आहे. दुरुस्ती त्याच सदरात, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि मे लागण्याआधी छापावी, ही विनंती.

– एक औषधविक्रेती, अकोला