वैनगंगेत शिडाची होडी आणायची आहे, उतरवायची कुठे?

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात जलपर्यटन येणार, क्रूझ येणार, जेटस्की येणार, अशा बातम्या आपल्या अंकात आम्ही पवनीकडचे लोक वरचेवर वाचतो. येऊ द्या, आमची ना नाही. पण त्याच पाण्यात एखाद्याला स्वतःची लहानशी होडी आणून सोडायची झाली, तर ती कुठून उतरवावी, कुठे ठेवावी आणि परवानगी कोणाची घ्यावी, याचा पत्ता मला तरी अजून लागलेला नाही. पत्र लिहिण्याचं कारण तेच.

मी सैन्यात इंजिनिअर्समध्ये होतो. पुण्याकडे नोकरीत असताना खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची होडी चालवायला शिकलो आणि ते वेड निवृत्तीनंतरही गेलं नाही. माझी होडी ‘एंटरप्राइज’ जातीची आहे. लांबी 13 फूट 3 इंच, बसणारी माणसं दोन, शीड-डोलकाठी काढली तर वजन शंभर किलोच्या आत. 1956 सालची ही इंग्लंडची रचना, निळ्या शिडामुळे लांबूनही ओळखू येते. सध्या ती पुण्याजवळ एका स्नेह्याच्या शेडमध्ये पालथी पडून आहे, आणि मी गावी वैनगंगेकाठी.

ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्या लांबून होडी आणणं हेच मोठं दिव्य असेल. खरं तर तेच सगळ्यात सोपं काम आहे. पुण्याहून नागपूरला परतीचं भाडं शोधणाऱ्या गाड्या रोज निघतात. 14 फुटी आयशरच्या हौद्यात ही होडी पालथी घालून अख्खी मावते. खाली जुने टायर, त्यावर गाद्या, दोर जिथे कडेवरून जातो तिथे गोणपाट. सुकाणू वेगळं गुंडाळायचं. डोलकाठी होडीपेक्षा लांब, ती केबिनवरून तिरकी बांधायची आणि मागच्या टोकाला लाल फडकं. बस्स. खरी पंचाईत ट्रक पवनीत पोचला की सुरू होते.

कोणी म्हणेल, गोसीखुर्दच कशाला, विदर्भात पाणी काय कमी आहे? पाणी आहे, पण शिडाला चालेल असं थोडं. तोतलाडोह पेंच व्याघ्र प्रकल्पात. नवेगावबांधचा तलाव राष्ट्रीय उद्यानात. गावोगावच्या मालगुजारी तलावांत शिंगाडा, कमळ आणि मासे. तिथे वळसा घ्यायलाही जागा नाही, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना त्रास कशाला द्यायचा? शिडाला मोकळा, लांब पसरलेला पाण्याचा पट्टा लागतो, म्हणजे वारा झाडांच्या आडोशातून सुटून सरळ लागतो. गोसीखुर्दचं फुगवट्याचं पाणी भंडारा शहरापर्यंत जातं. इतका मोठा पट्टा आमच्या बाजूला दुसरा नाही.

त्यातही जागा निवडावी लागते. आंभोऱ्याला संगम आहे, नवा पूल आहे, माणसांची वर्दळ आहे. पण नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून तिथेच येतं. त्याच्यावर पोसलेली जलपर्णी वाऱ्याच्या एका झोतासरशी अख्खा काठ झाकून टाकते. तिच्यात होडीच्या तळातून पाण्यात उतरणारी फळी अडकली की होडी जागची हलत नाही. धरणाच्या भिंतीजवळ जाणं योग्यही नाही आणि कोणी जाऊही नये. 33 दरवाजांचं धरण आहे ते, दरवाजे उघडले की पाण्याची ओढ वेगळीच असते. एका बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य, तिथे वनखात्याचा नियम. उरतो तो पवनी तालुक्यातला मधला काठ.

आणि तो काठ वर्षभर एका जागी राहत नाही, हेच तर आराखडे काढणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. दिवाळीला पाणी जिथे टेकलेलं असतं, तिथून मेपर्यंत ते कुठल्या कुठे आत जातं. मध्ये उघडी पडते ती गाळपेर जमीन. तिथे कोणाचा हरभरा, कोणाची लाखोरी, कुठे डांगरवाडी. त्याच्या पुढे काळा गाळ, वरून वाळून भेगाळलेला आणि पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत घेणारा. उन्हाळ्यात मासेमारी करणारे ढिवर बांधव त्यातून डोंगा, म्हणजे त्यांची लहान नाव, कसा ओढतात ते एकदा जाऊन पहावं. एक जण पुढून दोर धरतो, दुसरा मागून रेटतो, आणि दोघंही कमरेपर्यंत चिखलाने माखतात. अशा काठावर सिमेंटचे खांब रोवून पक्की जेटी बांधली, तर हिवाळाभर तिचे फोटो छान निघतील आणि उन्हाळ्यात तिच्यावर बसून कोरड्यात शेंगा सोलाव्या लागतील.

इथे हवा आहे तो उतार. भरलेल्या पाण्याच्या रेषेपासून उन्हाळ्यातल्या पाण्याच्या रेषेपर्यंत जाणारा, खडबडीत काँक्रीटचा, एक बैलगाडी सहज उतरेल एवढ्या रुंदीचा. पाणी कुठेही असो, चाकाच्या गाड्यावर होडी ठेवली की माणूस ती एकट्याने पाण्यात सोडू शकतो. ढिवरांचे डोंगे त्यावरूनच उतरतील, आणि माशांचे क्रेट वर आणायला गाळ तुडवावा लागणार नाही. त्याच्या खालच्या टोकाला पिंपांवर तरंगणारा फलाट असावा, तळाच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना सैल साखळीने बांधलेला. पाण्याबरोबर तो वरखाली होतो आणि मागेपुढे सरकवता येतो. वर काठावर तारेचं कुंपण घातलेली चार गुंठे जागा, म्हणजे होड्या जमिनीवर पालथ्या ठेवता येतील. लहान होडी पाण्यात बांधून ठेवायची नसतेच, काम झालं की वर काढायची असते. एक गोष्ट मात्र आवर्जून पहायला हवी, की त्या जागेवरून 11 केव्हीची विजेची तार गेलेली नसावी. ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करताना वर न बघितल्याने जगभरात माणसं गेली आहेत.

आमच्याकडच्या एका ढिवर काकांना मी होडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “इंजन नाई, तं चालते कशी जी?” मी म्हटलं, वाऱ्यावर. “अन् वारा पडला तं?” मी म्हटलं, वल्हं मारायचं, नाही तर तुमच्या डोंग्याला बांधून यायचं. त्यावर ते हसले आणि मग जे बोलले ते कुठल्याच नकाशात सापडणार नाही. जलाशयात बुडालेली झाडं अजून उभी आहेत, काही पाण्याखाली हातभर, आणि गावांच्या विहिरी, देवळांचे ओटे कुठे आहेत हे त्यांना तोंडपाठ. थर्माकोलचे तुकडे बांधलेली जाळी कुठून कुठे पसरतात, तेही. ही माहिती असल्याशिवाय तिथे क्रूझ फिरवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आता कार्यालयांचं. नाव कोणाचं घेत नाही. एका ठिकाणी सांगितलं, पाणी आमचं, होडीशी आमचा संबंध नाही. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, इंजिन किती अश्वशक्तीचं? इंजिन नाही म्हटल्यावर, मग आमच्या रजिस्टरात बसत नाही. तिसऱ्या ठिकाणी ग्रामपंचायतीचा ठराव मागितला, आणि ग्रामपंचायतीत ‘आधी वरून पत्र आणा’ म्हणाले. कोणी उद्धट वागलं नाही, चहाही पाजला. फक्त काम कोणाचं, हे कोणालाच ठरवता आलं नाही. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. त्यात बिनयांत्रिक नौकांचा वेगळा विचार आहे आणि त्यांचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची वाटही आहे. म्हणजे माझ्या होडीची आणि ढिवरांच्या डोंग्यांची नोंद आपल्याच तालुक्यात होऊ शकते. राज्याने आणि जिल्हा परिषदेने मिळून तेवढं ठरवून टाकावं.

मला सवलत नको, नियमच हवे आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 माणसं गेली. त्या बातमीने आम्हा पाण्यात राहणाऱ्यांची झोप उडवली होती. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये. कोण किती वाजता गेलं आणि परत आलं, याची वही काठावर असावी. दरवाजे उघडण्याआधीचा भोंगा मधल्या काठापर्यंत ऐकू यावा. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वावधान सुटतं, ढग गडगडतात, तेव्हा शिडाच्या होड्यांना बंदीच घालावी. उंच धातूची काठी घेऊन मोकळ्या पाण्यात बसणं म्हणजे विजेला बोलावणं.

आणि ही सगळी व्यवस्था कोणी पहायची? माझं मत स्पष्ट आहे. बाहेरचा ठेकेदार नको. या पाण्याखाली ज्यांची घरं-शेतं गेली आणि या पाण्यावर जे जगतात, त्यांचा या काठावर पहिला हक्क. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेल्या या धरणाने त्यांच्याकडून पुष्कळ घेतलं. उतार, कुंपण, फलाट आणि वही मच्छीमार सहकारी संस्थेच्या ताब्यात द्यावी, होडी ठेवण्याचं भाडं तिनेच घ्यावं. जाळ्यांचा पट्टा तिनेच झेंड्या लावून आखावा, आणि आमच्यासारख्या हौशी लोकांनी तो ओलांडला तर दंडही तिनेच करावा.

‘होडी तुमची एकच, त्यासाठी एवढा खटाटोप?’ हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे. आज एक आहे, कबूल. पण समुद्र नसलेल्या हैदराबादेत हुसेनसागरावर राष्ट्रीय स्पर्धा होतात. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या होड्यांची शाळा आहे. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर त्याच शाळेत शिकली आणि 2023 च्या हांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. आमच्या काठावरची ढिवरांची पोरं तर चालायच्या आधी डोंग्यात बसतात, वाऱ्याची दिशा त्यांना पाण्यावरच्या सुरकुतीवरून कळते. त्यांच्या हातात शीड द्यायला मी माझ्या होडीसकट तयार आहे, शिकवण्याचे पैसे नकोत.

यंदा दसऱ्यानंतर पाऊस उघडला आणि जलाशय भरलेला असला, की होडी आणण्याचा विचार आहे. तेव्हा पाणी रस्त्याच्या जवळ असतं, गाळात उतरावं लागत नाही आणि झाडांचे बुंधे खोल असतात. तोवर उतार बांधून होणार नाही, हे मलाही कळतं. पण कुंपणाची जागा आणि नोंदीचं टेबल, या दोन गोष्टींना निधी लागत नाही. संबंधित अधिकाऱ्यांनी अर्ज कोणाच्या नावाने आणि कुठे द्यायचा, एवढं आपल्या दैनिकातून कळवावं. अर्ज लिहून तयार आहे, फक्त ‘प्रति’ पुढची जागा कोरी आहे.

आपला,
एक वाचक
ता. पवनी, जि. भंडारा