पोराचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न अर्धा होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्विझ आणि जीके हा काही पेपरात पत्र लिहिण्याइतका मोठा विषय नाही असं घरच्यांनी मला आधीच सांगितलंय, पण गेल्या महिन्यात जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात 19 वर्षं इतिहास-भूगोल शिकवते. आमच्या शाळेतल्या तीन मुलांची टीम एका लोकल चॅनलच्या आंतरशालेय क्विझमध्ये सेमीफायनलला पोचली होती. गावातल्या शाळेसाठी ही केवढी गोष्ट असते ते इथल्या लोकांना सांगायला नको, एका मुलाच्या आईने शूटिंगला घालायला म्हणून शेजारणीकडून इस्त्री मागून आणली होती, आणि पंचायतीपुढच्या दुकानात टीव्ही लावून बघायचं असं सगळ्या वाड्याने आधीच ठरवलेलं.

बझर राउंड चालू होता आणि आम्ही 5 पॉइंटनी पुढे होतो. अँकरने कार्डावरचं वाचलं, ‘ऑपरेशन विजय ही लष्करी मोहीम कोणत्या वर्षी झाली?’ आमच्या नववीतल्या मुलाने वाक्य संपायच्या आत बझर दाबला आणि म्हणाला 1961. लाल लाइट लागला. ‘सॉरी, चुकीचं उत्तर’, मायनस 5, प्रश्न बाजूच्या टीमकडे. तिकडून उत्तर आलं 1999, ते बरोबर, 10 पॉइंट, टाळ्या. शेवटी आम्ही बरोबर 10 पॉइंटनीच हरलो.

आता 1999 हे उत्तर चूक आहे असं मी अजिबात म्हणत नाही. कारगिलच्या मोहिमेचं नाव ऑपरेशन विजय हेच होतं. पण 18 आणि 19 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला त्या मोहिमेचं नावही ऑपरेशन विजयच होतं, आणि ते तर 38 वर्षं आधीचं. म्हणजे दोन्ही उत्तरं बरोबर. प्रश्नात ‘कारगिल’ हा एक शब्द घातला असता तर विषयच संपला असता, किंवा उत्तरपत्रिकेत दोन्ही सालं लिहून ठेवली असती तरी चाललं असतं. मला जास्त लागलं ते हे की ही चूक पणजीत झाली. स्टुडिओतून बाहेर पडून थोडं चालत गेलं की आझाद मैदानावर हुतात्मा स्मारक आहे, दर 19 डिसेंबरला तिथे मानवंदना असते, आणि त्या गावातल्या स्टुडिओत गोव्यातल्या मुलाला 1961 म्हटल्यावर लाल लाइट लागतो. 451 वर्षांची सत्ता ज्या मोहिमेने जेमतेम दीड दिवसात गेली तिचं साल सांगणाऱ्या पोराला मायनस मार्क!

शूट संपल्यावर मी जाऊन बोलले. भांडायला गेले नव्हते, नीट सांगितलं. तिथल्या माणसाने छापलेला कागद दाखवला आणि म्हणाला मॅडम आन्सरशीटवर 1999 आहे, रेकॉर्डिंग झालं, आता काही होणार नाही. परतताना कदंब बसमध्ये तिघंही खिडकीबाहेर बघत गप्प. बाणस्तारीचा पूल आला तेव्हा त्या मुलाने मला हळूच विचारलं, “टीचर, हांवें चूक सांगलें?” मी म्हटलं, “ना रे बाबा, तुजें बरोबरच आसलें.” तर म्हणाला, “मागीर पॉइंट कित्याक कापले?” मग पॉइंट का कापले, याचं उत्तर मला देता आलं नाही आणि त्याचसाठी हे पत्र.

त्यानंतर मी त्या प्रोग्रॅमचे मिळतील तेवढे जुने एपिसोड बसून बघितले, वही घेऊन. एकच प्रश्न असा असता तर मी सोडूनही दिलं असतं. पण ‘गोवा राज्याचे पहिले मुख्यमंत्री कोण’ हा घ्या. कार्डावर उत्तर भाऊसाहेब बांदोडकर. भाऊसाहेब डिसेंबर 1963 मध्ये मुख्यमंत्री झाले, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री तेच, यात वादच नाही, पण तेव्हा गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा मिळाला 30 मे 1987 ला आणि त्या दिवशी मुख्यमंत्री होते प्रतापसिंह राणे. एखाद्या मुलीने नीट विचार करून ‘राज्य’ हा शब्द पकडला आणि राणे म्हटलं तर तिला चूक म्हणायचं का? जिने प्रश्न सगळ्यात लक्ष देऊन ऐकला तीच फसली. हाच प्रश्न ‘1963 साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कोण झाले’ असा विचारला की कुणाचीच तक्रार नाही.

तसंच ‘भारतातलं सर्वात लहान राज्य’. क्षेत्रफळाने गोवा, 3,702 चौरस किलोमीटर, लोकसंख्येने सिक्कीम. कशाने लहान ते सांगायला किती वेळ लागतो? दुधसागरची उंची तर विचारूच नये असं माझं मत झालंय, कुठे 310 मीटर लिहिलेलं आहे कुठे 603, मोजायला कुठून कुठपर्यंत धरलं त्यावर सगळं, आणि मुलांना मात्र चार ऑप्शनमधून एक निवडायचा.

दुसरा प्रकार शिळ्या प्रश्नांचा. माझा अंदाज असा की कुणीतरी जुनं जीकेचं पुस्तक किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारी पीडीएफ उघडतं आणि तसंच्या तसं उतरवून काढतं. राज्यं 29 आणि केंद्रशासित प्रदेश 7 हे उत्तर मी स्वतः टीव्हीवर बरोबर धरलेलं ऐकलंय. अहो, 31 ऑक्टोबर 2019 ला जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा राज्यं 28 झाली, आणि 26 जानेवारी 2020 ला दमण-दीव दादरा-नगर हवेलीत मिळालं, तेव्हापासून केंद्रशासित प्रदेश 8. दमण-दीव म्हणजे आपलंच जुनं घर, त्याचं काय झालं हे तरी गोव्यातल्या प्रश्न काढणाऱ्याला माहीत हवं ना. गोव्यातले तालुके 11 असंही एकदा ऐकलं, धारबांदोडा वेगळा होऊन 12 झाले त्याला कितीतरी वर्षं झाली, धारबांदोड्याची मुलं बघत असतील त्यांना काय वाटलं असेल. अभिजात भाषा 6 हेही असंच, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली धरून 11 झाल्या, त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते म्हणून मला तारीख पाठ आहे. भारताचा किनारा पुस्तकात 7,516 किलोमीटर, नव्याने मोजल्यावर सरकारी आकडा 11,098 च्या पुढे गेला. किनारा वाढला नाही, मोजायची पद्धत बारीक झाली, खाड्या-वळणं धरली गेली. मला विचाराल तर प्रश्न इथे आहे, ‘किनारपट्टीचा आकडा का वाढला?’ हे विचारा, बघा मुलं कशी डोकं लावतात.

आणि जे कधी खरंच नव्हतं ते वेगळंच. राष्ट्रीय खेळ हॉकी, राष्ट्रभाषा हिंदी. हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून कधी घोषितच केलेलं नाही, 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात केंद्रानेच तसं उत्तर दिलं होतं. आणि घटनेच्या कलम 343 मध्ये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा असा शब्दच नाही. ज्या गोव्याने भाषेवरून एवढं आंदोलन बघितलं, जिथे 1987 च्या राजभाषा कायद्यातला शब्द न् शब्द लोकांनी तपासला, तिथे तरी राजभाषा आणि राष्ट्रभाषा यातला फरक कुणी पुसून टाकू नये.

नावांबद्दल पण लिहिते. प्रश्न बहुतेक इंग्रजीत तयार होतात आणि मग अँकर मराठीत वाचतो, त्यामुळे डिचोलीचं बिचोलिम, केपेचं क्वेपेम आणि साखळीचं सांक्वेलिम होतं. आमच्या टीममधली मुलगी साखळीची, आजोळी राहून शिकते, प्रॅक्टिस राउंडला तिला तिच्याच गावावरचा प्रश्न कळला नाही. तिने ‘रिपीट प्लीज’ म्हटलं, तरी परत सांक्वेलिमच. शेवटी पास म्हणाली. बाहेर आल्यावर मी साखळी म्हटलं तर तिने कपाळावर हात मारला.

आता सगळंच वाईट आहे असं नाही, आणि कठीण प्रश्नांना माझा विरोध आहे असं तर कुणी समजू नये. लता मंगेशकरांचा जन्म कुठला विचारलं की आमची मुलं हमखास मंगेशी म्हणतात आणि उत्तर इंदूर असतं, तिथे चुकले तर चुकले, दीनानाथ मंगेशीचे हे खरं पण प्रश्न लतादीदींचा आहे. असेच मारियो मिरांडा, सगळ्यांना लोटली माहीत, जन्म मात्र दमणचा. हे प्रश्न चोख आहेत, एकच उत्तर आहे, अभ्यास असेल तर येतं. त्याच प्रोग्रॅममध्ये मी ऐकलेला सर्वात सुंदर प्रश्न होता तो असा, ‘1977 साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या रेकॉर्डमध्ये कोणत्या गोमंतकीय गायिकेचा आवाज आहे?’ केसरबाई केरकर. त्यांची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. कुठल्याच टीमला आलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मी वर्गात मोबाइल टेबलावर ठेवून ती भैरवी लावली आणि शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकत बसली. केसरबाई आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. एकाने लगेच विचारलं टीचर कुठलं केरी, कारण गोव्यात केरी तीन आहेत ना, पेडण्यात एक, सत्तरीत एक आणि आमचं फोंड्याचं. ज्याने हा प्रश्न काढला त्याला मी ओळखत नाही पण त्याने एका मिनिटात माझे महिनाभराचे तास वाचवले.

एका सीझनला शेकडो प्रश्न लागतात, पैसे कमी मिळतात, घाई असते हे मला कळतं, मी स्वतः दर वर्षी पेपर सेट करते. पण पेपर सेट केला की दुसरा शिक्षक तो तपासतो, मगच छापायला जातो. टीव्हीवरच्या प्रश्नांना तेवढं तरी असावं. प्रत्येक प्रश्न दोन जागी ताडून बघावा, बदलणारी गोष्ट असेल तर कुठल्या तारखेपर्यंतची ते प्रश्नातच म्हणावं, गोव्याचे प्रश्न गोव्यातल्या एखाद्या इतिहासाच्या किंवा मराठीच्या माणसाला एकदा वाचायला द्यावेत. आणि मुलाने हरकत घेतली तर तिथल्या तिथे शूट थांबवून बघायची सोय हवी, रेकॉर्डिंग आहे, लाइव्ह थोडंच आहे. पाच मिनिटं लागतील. एपिसोड दाखवून झाल्यावर चूक कळली तर पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला खाली एक पट्टी चालवावी की अमुक प्रश्नाचं दुसरं उत्तरही बरोबर होतं. आमचा निकाल बदला असं मी म्हणत नाही, जी टीम पुढे गेली तीही चांगलीच होती, त्या मुलांचा काय दोष. पण ती पट्टी आमच्या वाड्यावरच्या दुकानात दिसायला पाहिजे, कारण तिथे बसलेल्या सगळ्यांनी त्याला ‘चुकीचं उत्तर’ म्हटलेलं ऐकलंय.

आमच्या तिघांनी सध्या एक काम काढलंय. शाळा सुटल्यावर बसून स्वतःच प्रश्न लिहितात, एकाने लिहायचा आणि बाकी दोघांनी त्याला दुसरं बरोबर उत्तर निघतं का ते शोधायचं, निघालं तर प्रश्न परत लिहायचा. आतापर्यंत 64 प्रश्न झालेत, खोडलेले त्याच्या दुप्पट. पहिल्या पानावर पहिला प्रश्न त्या मुलाच्या अक्षरात आहे, ‘ऑपरेशन विजय या एकाच नावाच्या दोन मोहिमा कोणत्या आणि कोणत्या वर्षी?’ कुठल्याही चॅनलला ही वही हवी असेल तर आपल्या ऑफिसमार्फत कळवावं, मी स्वतः पणजीला आणून देईन.

आपली,
एक शिक्षिका, फोंडा