लीजच्या गाडीचे टायर

संपादक महोदय,
लीजवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी भाड्याने, गाडी घेताना लोक हप्ता बघतात, किलोमीटरची लिमिट बघतात पण टायरचं कलम कुणी वाचतच नाही आणि मग गाडी परत देताना झिजलेल्या टायरचं बिल हातात पडतं. नव्या टायरची खाच साधारण 8 मिमी खोल असते, 1.6 वर आली की टायर संपला, पण काही करारांत गाडी परत देताना याहून जास्त खोली मागतात, ते आधीच विचारा ना! हवा टायर थंड असतानाच तपासा, पुढचे-मागचे अदलाबदल करत रहा. बदलायची वेळ आली तर महागडेच हवेत असं नाही, साइज, लोड इंडेक्स (किती वजन पेलेल), स्पीड रेटिंग (किती वेग झेपेल) करारात बसणारं घ्या, पावती जपा. स्वस्तातले जुने टायर मात्र नकोच, टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे 4 आकडे बघा, 2324 म्हणजे 2024चा 23वा आठवडा.
– एक वाचक